विश्वास नाही, पण मोडायचं धाडसही नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ इंजिनिअर, हिशेबी, कोणी काही सांगितलं तर आधी पुरावा मागणारा. पण महत्त्वाच्या मुलाखतीला किंवा करारावर सही करायला जाताना तो ठरलेला एकच निळा शर्ट घालतो. शर्ट धुवायला गेला असेल तर भेटीची तारीख पुढे ढकलतो. यावरून बहीणभावात चांगलंच वाजलं. आता बहिणीला हवं आहे ते असं: शिकलेली माणसं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतातच कशी, शिक्षणाने ते जात का नाही, आणि त्याला समजवायचं तरी कसं?

मी पंचवीसेक वर्षं क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. उत्तर लांबणार आहे, पण एक दुरुस्ती सुरुवातीलाच करते. तुमचा भाऊ त्या शर्टावर विश्वास ठेवतो असं मला वाटत नाही. शर्ट न घालता जायचं धाडस त्याला होत नाही. आपण या दोन गोष्टी एकच धरतो, आणि म्हणून असले वाद दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी ठरतात.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. माझ्याकडे एक सर्जन येत असत. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं. त्यांच्या ऑपरेशन थिएटरबाहेर हात धुवायला ओळीने तीन नळ होते, आणि त्या फक्त मधल्या नळावर हात धुवायच्या. कधीपासून, तर बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका रात्रीपासून. हाताबाहेर गेलेली केस, यांनी मनातून आशा सोडलेली, आणि पेशंट वाचला. त्या रात्री डावा नळ बिघडला होता, उजव्यावर सहकारी उभे होते, म्हणून मधला. एवढंच. पुढे कित्येक वर्षं या सवयीचा कोणाला उपद्रव नव्हता, कोणाला पत्ताही नव्हता. मग एकदा रात्री तातडीची केस आली. मधल्या नळावर ज्युनिअर डॉक्टर हात धूत होता. दोन्ही बाजूंचे नळ मोकळे होते, आणि या हात वर धरून उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं. चाळीस सेकंद. पेशंटचं काही बिघडलं नाही, पण ते चाळीस सेकंद यांच्या डोक्यातून जाईनात.

पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "संख्याशास्त्र शिकवू नका, ते मी विद्यार्थ्यांना शिकवते. नळाचा आणि पेशंटचा काही संबंध नाही हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण उद्या सकाळी टेबलावर कोणाचं तरी मूल असणार आहे. माझं डोकं शास्त्रीय आहे एवढं दाखवायला मी डाव्या नळावर जाऊ?"

या प्रश्नात सगळं आलं. मधल्या नळावर हात धुवायला काही खर्च नाही. डाव्यावर धुतले आणि काही विपरीत घडलं, तर जन्मभराची रुखरुख. असा सौदा समोर असताना कोणताही व्यवहारी माणूस मधला नळच निवडेल. विमा उतरवणारा माणूस घराला आग लागणार यावर विश्वास ठेवून विमा घेत नाही. त्याला फक्त आग लागल्यावर हात चोळत बसायचं नसतं.

शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेन रायझन यांनी 2016 मध्ये याची मांडणी फार नेटकी केली. त्याआधीचा सर्वसाधारण समज असा होता की मनात आधी झटपट अंतःप्रेरणा उठते, मग सावकाश चालणारी तर्कबुद्धी ती तपासते, आणि चूक सापडली की दुरुस्त करते. ज्याला चूक सापडत नाही तो अंधश्रद्ध. रायझन यांचं म्हणणं, चूक सापडणं आणि ती दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. माणसाला आपली चूक लख्ख दिसते आणि तरी तो तिच्यापुढे मान तुकवतो. शिक्षणाने पहिलं काम सुधारतं. दुसरं सुधारेलच असं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. भावाला तुम्ही जे समजावून सांगता ते त्याला आधीच समजलेलं आहे.

हे पटत नसेल तर पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1986 चा प्रयोग बघा. दोन बाटल्या, दोन्हींत लोकांच्या डोळ्यांदेखत एकाच पुड्यातली साखर ओतली. दोन चिठ्ठ्या दिल्या, एकीवर 'साखर' आणि दुसरीवर 'सोडियम सायनाइड', म्हणजे जालीम विष. कोणती चिठ्ठी कुठे चिकटवायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग दोन्ही बाटल्यांतल्या साखरेचं पाणी प्यायला दिलं, तर विषाच्या चिठ्ठीवाल्या बाटलीतलं पाणी लोकांना नकोसं वाटलं. चिठ्ठी स्वतः चिकटवलेली, साखर स्वतः पाहिलेली, तरीही. पुढच्या एका प्रयोगात चिठ्ठीवर 'हे सायनाइड नाही' असं लिहिलं होतं, तेव्हासुद्धा लोक कचरले. मनाच्या त्या थराला 'नाही' हा शब्द वाचताच येत नाही, असं मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगते. गंमत सोडली तरी मुद्दा खरा आहे.

आता हे नातं मुळात जुळतं कसं? मराठीत यासाठी तयार शब्द आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपण हे वाक्य दुसऱ्याची चूक दाखवताना सहज वापरतो. फांदी आपली असते तेव्हा ते आठवत नाही.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आठ उपाशी कबुतरं पिंजऱ्यांत ठेवली. दर 15 सेकंदांनी दाणे आपोआप समोर येत, कबुतराने काही करो वा न करो. थोड्या वेळाने आठांपैकी सहा कबुतरांना ठळक खोड लागली होती. एक गोल गोल फिरत होतं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसत होतं, दोघं लंबकासारखी झुलत होती. स्किनरचा निष्कर्ष असा की दाणे आले तेव्हा कबुतर योगायोगाने जे करत होतं, ते त्याने दाण्यांशी जोडून टाकलं. हा प्रयोग जिथे तिथे सांगितला जातो, पण पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या दोघांनी तो काळजीपूर्वक पुन्हा केला. त्यांना दिसलं की यातल्या बऱ्याच हालचाली अन्नाची वाट पाहणारं कबुतर एरवीही करतंच. म्हणजे योगायोगाने चिकटलेली सवय हे स्पष्टीकरण कबुतरांच्या बाबतीत तितकंसं पक्कं राहिलं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र चांगला पुरावा आहे. जपानच्या कोइची ओनो यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना तीन दांडे असलेल्या टेबलापुढे बसवलं आणि जास्तीत जास्त गुण मिळवायला सांगितलं. दांड्यांचा गुणांशी काहीही संबंध नव्हता, गुण आपले आपण पडत होते. सगळेच काही फसले नाहीत, पण काहींनी दांडे ओढायचे ठरावीक क्रम बसवले. एका मुलीची गोष्ट मला फार आवडते. ती काहीबाही करून बघत होती. टेबलावर चढली, खाली उडी मारली आणि नेमका तेव्हाच गुण पडला. मग ती उड्या मारू लागली, हातात चप्पल घेऊन छताला टेकवू लागली. शेवटी दमली म्हणून थांबली असावी. चुकतंय हे कळलं म्हणून नव्हे.

आदिमानव, झुडपातली सळसळ आणि वाघ हे स्पष्टीकरण तुम्ही वाचलं असेलच: वाघ नसताना पळालात तर दम लागेल, वाघ असताना बसून राहिलात तर जीव जाईल, म्हणून नसलेला संबंध पाहणारा मेंदू टिकला. ते बरोबरही असावं. पण निळ्या शर्टाबद्दल त्यातून काही हाती लागत नाही.

शर्टाबद्दल खरं कुतूहल वेगळंच आहे. एकदा जुळलेलं नातं पुढे दहा वर्षं टिकतं कसं? इतक्या मुलाखतींत कधीतरी शर्ट हरला असेलच ना?

इथे जरा थांबते, कारण माझं निम्मं काम याच जागी चालतं. कागदावर फुलीने चार घरं करा. शर्ट घातला, काम झालं. शर्ट घातला, काम नाही झालं. शर्ट नव्हता, काम झालं. शर्ट नव्हता, काम नाही झालं. शर्टात काही दम आहे का हे ठरवायला चारही घरांतले आकडे लागतात. आपण पाहतो ते फक्त पहिलं घर. यान स्मेडस्लुंड या नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्ये परिचारिकांना 100 कार्डं दिली, प्रत्येक कार्डावर एका रुग्णाची नोंद. लक्षण आणि रोग दोन्ही असलेली 37, लक्षण आहे पण रोग नाही अशी 33, लक्षण नाही पण रोग आहे अशी 17, आणि दोन्ही नसलेली 13. लक्षणाचा रोगाशी संबंध आहे का, असा प्रश्न. बहुतेकजणी आहे म्हणाल्या आणि पुरावा म्हणून त्या 37 कार्डांकडे बोट दाखवलं. आता भागाकार करा. लक्षण असलेल्या 70 पैकी 37 जणांना रोग, म्हणजे सुमारे 53 टक्के. लक्षण नसलेल्या 30 पैकी 17 जणांना, म्हणजे जवळपास 57 टक्के. संबंध नाहीच, झुकलाच तर किंचित उलट्या बाजूला. आणि ही माणसं रोज लक्षणं आणि रोग हाताळणारी होती.

ही चूक जुनी आहे. सिसेरो या रोमन लेखकाने डायागोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट नोंदवली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात वाहिलेली चित्रं मित्राने त्याला दाखवली आणि विचारलं, आता तरी पटलं का? डायागोरस म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? चार घरांचा अख्खा तक्ता त्या एका प्रश्नात आहे.

पण मला क्लिनिकमध्ये दिसतं ते याच्याही एक पाऊल पुढचं असतं. चारपैकी शेवटची दोन घरं माणूस भरूच देत नाही. डॉक्टरबाई डाव्या नळावर कधी गेल्याच नाहीत, मग डाव्या नळाचा निकाल त्यांना कळणार कसा? तुमचा भाऊ शर्ट नसेल तर तारीखच पुढे ढकलतो. म्हणजे शर्टाशिवायचा एकही पेपर त्याने दिलेला नाही. आमच्या भाषेत याला सुरक्षिततेचं वर्तन म्हणतात. त्याची खोच अशी की भीती खोटी असल्याचा अनुभव ते माणसाला येऊच देत नाही. आणि शर्ट घालून काम फसलं तर? तेव्हा मन वकिली करतं. शर्ट होता, पण बाह्या दुमडल्या होत्या. शर्ट होता म्हणून एवढ्यावर निभावलं.

तब्येतीच्या तोडग्यांत याला आणखी एक फाटा फुटतो. दुखणं शिगेला पोहोचतं तेव्हाच माणूस गंडादोरा, उतारा, अंगठी यांच्याकडे वळतो. आणि बरीचशी दुखणी शिगेला पोहोचली की आपोआपच उतरणीला लागतात. श्रेय अंगठीला. काही न करता थांबला असता तर हेच घडलं असतं, पण न घडलेल्या गोष्टीची आठवण कोणाकडे असणार?

हे झालं नातं जुळायचं आणि टिकायचं. पण माणूस प्रत्येक योगायोगाला चिकटत नाही. कुठे चिकटतो?

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथले लोक दोन प्रकारे मासेमारी करत. आतल्या उथळ खाजणात मासळी हमखास मिळे आणि जिवाला धोका नव्हता. खुल्या समुद्रात मासळीचा भरवसा नाही आणि परत येण्याचाही नाही. खाजणातल्या मासेमारीला मंत्रतंत्र नव्हते. खुल्या समुद्रातल्या मासेमारीला मात्र ढीगभर विधी होते. माणसं तीच, समज तीच, होड्या बांधण्याचं कसबही पक्कं. कौशल्य जिथे संपतं आणि नशीब सुरू होतं, नेमकं तिथून विधी सुरू होतात. जॉर्ज ग्मेल्च यांना अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हेच आढळलं. चेंडू टाकणं आणि टोलवणं यांत नशिबाचा वाटा मोठा, तिथे खेळाडूंचे तोडगे भरपूर. क्षेत्ररक्षण बहुतेक वेळा बिनचूक होतं, तिथे जवळजवळ काही नाही.

हे भावावर लावून बघा. कामावर एखाद्या पुलाचा भार मोजताना तो निळा शर्ट घालतो का? पैजेवर सांगते, घालत नसणार. तिथे त्याला सूत्र येतं. मुलाखत घेणाऱ्याची त्या दिवशीची मर्जी, समोरच्या पक्षाने ऐनवेळी सही न करणं, यांना सूत्र नाही. शर्ट तिथेच लागतो.

ताण वाढला की हे वाढतं. 1991 च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत होती. जिओरा कीनान यांनी तेव्हा तिथल्या लोकांना प्रश्न विचारले. मारा होणाऱ्या भागांतल्या लोकांत जादूई विचार जास्त आढळले, आणि ज्यांना अनिश्चितता मुळातच सोसत नाही त्यांच्यात आणखी जास्त. प्रयोगशाळेत मात्र हे इतकं सरळ दिसत नाही. 2008 मध्ये व्हिटसन आणि गॅलिन्स्की यांनी दाखवलं की 'आपल्या हातात काही नव्हतं' असा प्रसंग आठवायला लावल्यावर लोकांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या दिसू लागतात. पुढच्या काही प्रयोगांत तो परिणाम मिळाला नाही. मला याचं नवल वाटत नाही. खुर्चीत बसून जुना प्रसंग आठवणं वेगळं आणि डोक्यावर भोंगा वाजत असणं वेगळं.

माझंच सांगते. आईचं मोठं ऑपरेशन होतं. बाहेरच्या बाकड्यांवर मी पहिल्या दिवशी खिडकीजवळ बसले होते आणि बातमी चांगली आली. दुसऱ्यांदा आत न्यावं लागलं तेव्हा त्या जागेवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मी त्यांना खोटं सांगितलं, की मला पाठदुखी आहे, भिंतीला टेकायचं आहे. ते बिचारे उठले. मी हे सगळं पुस्तकांतून शिकवते, तेव्हाही शिकवत होते. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी तरंगते का याचं शास्त्र बुडताना उपयोगी पडत नाही.

अशुभ बोलू नये, आधीच आनंद करू नये, यामागचं यंत्र थोडं निराळं आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो ते मानसशास्त्र म्हणून फार अचूक आहे. रायझन आणि टॉम गिलोविच यांच्या 2008 च्या अभ्यासात लोकांना वाटलं की धडा न वाचता वर्गात आलेल्या मुलालाच शिक्षक उठवतील. कारण असं की नशिबाला डिवचलं म्हटल्याबरोबर वाईट शेवट डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि जे स्पष्ट दिसतं ते होण्याजोगं वाटतं. मग ते चित्र पुसायला हाताने काहीतरी करावं लागतं. झाँग, रायझन आणि होझी यांना 2014 मध्ये आढळलं की टेबलावर ठोकल्यावर, म्हणजे स्वतःपासून दूर ढकलण्यासारखी क्रिया केल्यावर, वाईट घडण्याची धास्ती कमी होते. चेंडू फेकला तरी तोच परिणाम, चेंडू हातात धरून ठेवला तर नाही. नजर लागल्यावर ओवाळून 'टाकतात', इडापिडा 'घालवतात'. क्रियापदं ऐकलीत?

लोक एकमेकांचं पाहून शिकतात यावर मी फार लिहीत नाही, ते उघड आहे. एवढंच सांगते की माणसाचं पोर या बाबतीत चिंपांझीच्याही पुढे आहे. 2005 मध्ये हॉर्नर आणि व्हाइटन यांनी पारदर्शक पेटीतून खाऊ काढताना मुद्दाम निरुपयोगी क्रियाही करून दाखवल्या. पेटी पारदर्शक असल्यामुळे त्या निरुपयोगी आहेत हे दिसत होतं. चिंपांझींनी त्या गाळल्या. तीनचार वर्षांच्या मुलांनी सगळ्या इमानेइतबारे केल्या. मोठी माणसं करतात म्हणजे काहीतरी असणार, या भरवशावरच आपण भाषेपासून शल्यक्रियेपर्यंत सगळं शिकतो. त्याच पोत्यातून खडेही येतात.

एक प्रकार मात्र असा आहे की तो समोर आला की मी आवाज खाली आणते. अझांदे या आफ्रिकेतल्या लोकांबद्दल इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1937 मध्ये लिहिलं. धान्याच्या कोठाराखाली सावलीला माणसं बसतात, खांब वाळवीने खाल्लेले, कोठार कोसळतं, माणसं दगावतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता: हीच माणसं खाली बसलेली असताना, याच घटकेला ते का कोसळलं? शास्त्राकडे याला 'योगायोग' एवढंच उत्तर आहे. अझांदे चेटूक म्हणत.

मूल गमावलेले आईबाप माझ्याकडे येतात तेव्हा तेही हाच प्रश्न घेऊन येतात. एक आई मला म्हणाली होती, "त्या दिवशी निघताना मी त्याला मागून हाक मारली होती." आणि ती हे सोडायला तयार नव्हती. मी तेव्हा नवीन होते. हाक आणि अपघात यांचा संबंध नाही हे मी तिला पटवत राहिले, आणि ती पुढच्या वेळी आलीच नाही. खूप नंतर माझ्या लक्षात आलं की मी तिच्यापुढे काय ठेवलं होतं. हाकेमुळे झालं असेल तर जगाला काही नियम आहे, आणि तो तिने मोडला. हाकेमुळे झालं नसेल तर कोणाचंही मूल, कधीही, कशानेही. अपराधाचं ओझं तिला पेलत होतं, हे दुसरं पेलत नव्हतं. आजही असं कोणी आलं तर मी हाकेचा विषय कित्येक भेटी काढत नाही.

अंधश्रद्धेचा फायदा होतो का, असंही लोक विचारतात. 2010 मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात गोल्फचा चेंडू 'हा लकी आहे' असं सांगून दिला, तर दहापैकी सरासरी 6.42 फटके साधले. साध्या चेंडूने 4.75. बातमी गाजली. 2014 मध्ये दोन संशोधकांनी बरेच जास्त लोक घेऊन तोच प्रयोग केला आणि फरक दिसला नाही. धीर येतो हे खरं असेल, नेम सुधारतो असं छातीठोक सांगता येत नाही.

निळा शर्ट कोणाचं काही बिघडवत नाही, तोवर मी त्याच्या वाटेला जात नाही. तीन गोष्टी दिसल्या तर मात्र जाते. विधी वाढत चालले, आधी शर्ट होता, मग त्याबरोबर बूट, मग घरातून निघताना उजवं पाऊल, मग चुकलं तर पुन्हा घरात येऊन पहिल्यापासून, आणि दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जाऊ लागला, तर तो ओसीडी, म्हणजे त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, उशीर करू नका. दुसरं, तोडग्यापायी औषधपाणी थांबलं. तिसरं, त्या भीतीवर कोणी दुकान मांडलं, किंवा तिचं खापर एखाद्या बाईच्या, शेजाऱ्याच्या, आजारी माणसाच्या माथी मारलं जाऊ लागलं. तिथे मानसशास्त्र पुरत नाही, पोलीस आणि कायदा लागतो.

तुमच्या भावाचं शर्टावर थांबलं असेल तर वाद बंद करा. तुम्ही विरुद्ध बाजू घेतली की त्याला शर्टाची बाजू घ्यावी लागते, आणि जे तो धड मानतही नव्हता त्याचं वकीलपत्र त्याच्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा एखाद्या निवांत वेळी विचारा, "शर्ट नसेल तर नेमकं काय होईल असं वाटतं?" आणि गप्प बसा. बहुतेकदा उत्तर शर्टाबद्दल नसतं. मागच्या कुठल्यातरी मुलाखतीबद्दल असतं, वडिलांबद्दल असतं, नोकरी जाण्याबद्दल असतं. त्यावर बोलता येतं.

आणि त्याला स्वतःलाच ही सवय मोडायची असेल, तर वाट डॉक्टरबाईंची. आम्ही मुलाच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली नाही. दवाखान्यातला रोजचा राउंड, त्याआधीचे हात, डाव्या नळावर. मग किरकोळ टाके. प्रत्येक वेळी आधी, निकाल कळण्यापूर्वी, वहीत दोन आकडे लिहायचे: काहीतरी बिघडेल असं किती टक्के वाटतं, आणि आत्ता छातीत धडधड दहापैकी किती. नंतर तिसरा आकडा, काय झालं. आधी लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर मन नंतर सोयीने भविष्य दुरुस्त करतं. वहीच्या पहिल्या पानावर नऊ, आठ, नऊ असे धडधडीचे आकडे होते. सहाव्या आठवड्यात तीन, दोन, चार. 'बिघडेल' या रकान्यातले टक्के मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून शून्यच लिहिले होते. माहीत तर होतंच ना.

मोठ्या ऑपरेशनला डाव्या नळावर त्या चौथ्या महिन्यात गेल्या. त्या दिवशी मला फोन आला नाही, मीही केला नाही.

वर्षभराने एका कार्यक्रमात भेटल्या. मी विचारलं, "आता कोणता नळ?"

"डावाच."

"नेहमी?"

"तो दाराजवळ पडतो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून हसल्या. "म्हणजे, मी असं सांगते."